नर सोडण्याआधी मोजणी: कळंबा रस्त्यावरच्या एका वसाहतीचं प्रकरण

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला होता. आमच्या वसाहतीतल्या तालमीत मंडळाची बैठक बसली आणि मला बोलावणं आलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि डास हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, हे इथल्या पोरांना ठाऊक आहे. वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक होते. यंदा ते डासांवर खर्च करायचे, इथवर सगळ्यांचं एकमत झालं होतं. ज्येष्ठ मंडळी म्हणत होती, धुराचं मशीन घेऊ. एका कार्यकर्त्याने मात्र माझ्यापुढे मोबाईल धरला.

"मॅडम, ह्यात नर डासांची नसबंदी करून सोडत्यात. मादी त्याच्यासंगं जुळली की अंडी फुटतच न्हाईत. औषध न्हाई, धूर न्हाई. आपल्याला मागवता येतील काय?"

प्रश्न चांगला होता. 'आपल्याला कुठलं जमतंय' म्हणून तो झटकून टाकणं सोपं होतं, पण त्या पोराने जे पाहिलं होतं ते खोटं नव्हतं. पुढचे दोन महिने आम्ही त्या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला. तो सगळा प्रवास इथे मांडते आहे, कारण हाच प्रश्न उद्या दुसऱ्या कुठल्या तालमीत, ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत निघेल आणि त्याचं उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' देऊन भागणारं नाही.

दोन रुग्ण

बैठक तापण्याचं कारण वेगळंच होतं. वसाहतीच्या मागच्या अंगाला एका इमारतीचं बांधकाम चाललं होतं. तिथे कामाला आलेल्या, झारखंडहून नुकत्याच उतरलेल्या एका तरुणाला जुलैच्या अखेरीस थंडी वाजून ताप आला. चार दिवस त्याने अंगावरच काढला, कारण खाडा झाला की हजेरी बुडते. मग रक्त तपासलं आणि हिवताप निघाला, व्हायवॅक्स प्रकारचा. त्यानंतर साधारण महिन्याने, बांधकामाला लागून असलेल्या घरातल्या एका कॉलेजच्या मुलीला तोच ताप आला. ती उन्हाळ्यापासून कोल्हापूरच्या बाहेर गेलेली नव्हती.

मधला हा महिना नीट समजून घ्यायला हवा. रुग्णाचं रक्त प्यायलेल्या ॲनोफिलीसच्या, म्हणजे हिवताप पसरवणाऱ्या डासाच्या, मादीच्या पोटात परजीवी वाढून तिच्या लाळेपर्यंत पोचायला आपल्याकडच्या पावसाळी हवेत दहा ते चौदा दिवस लागतात. ती मादी निरोगी माणसाला चावल्यावर ताप यायला आणखी दोन आठवडे. दोन्ही मिळून महिना भरतो. याचा अर्थ रोग बाहेरून माणसाबरोबर आला, पण दुसरीपर्यंत तो इथल्याच एखाद्या मादीने पोचवला. ती मादी जन्मली होती तेही इथल्याच कुठल्यातरी पाण्यात. माझ्या दृष्टीने सगळं प्रकरण या एका वाक्यावर उभं होतं.

कोल्हापूर हा काही हिवतापाचा जिल्हा नाही. महाराष्ट्रात हा रोग म्हटला की गडचिरोली आठवते. आपल्याकडे पावसाळ्यात घराघरांत धास्ती असते ती डेंग्यूची. म्हणून दोन रुग्णांवर एवढा ऊहापोह कशाला, असंही कुणी म्हणालं. पण हिवताप आटोक्यात असतानाच त्याच्याकडे नीट बघायचं असतं. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखभरावर आले होते, लढाई संपली असं वाटू लागलं होतं. १९७६ मध्ये तोच आकडा ६४ लाखांवर गेला.

आडवी अळी, उभी अळी

मी मुलांना सांगितलं, नर मागवायचा तर आधी कुठल्या जातीचा मागवायचा ते ठरवावं लागेल. वंध्य नर फक्त आपल्याच जातीच्या मादीशी जुळतो. हे या तंत्राचं मोठं बळ आहे, कारण मधमाशीला, फुलपाखराला, कशालाच धक्का लागत नाही. पण त्यामुळेच जात ओळखण्यात चूक झाली तर सगळा खर्च पाण्यात जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही पाच जण निघालो. हातात पांढऱ्या रंगाचं ओगराळं, काचेच्या बरण्या, मच्छरदाणीच्या कापडाचे तुकडे आणि एक वही. आधी गेलो ओढ्याकडे, कारण वसाहतीतल्या प्रत्येकाची खात्री होती की डास तिथूनच येतात. ओढ्याच्या काळ्या पाण्यात अळ्या होत्या, भरपूर होत्या. पण त्या पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडची नळी लावून डोकं खाली करून लोंबकळत होत्या. ही क्युलेक्सची अळी. रात्रभर कानाशी गुणगुणणारा आणि झोप उडवणारा डास तो हाच, पण हिवताप पसरवणं त्याला शक्यच नाही.

मग घरांतल्या फुलदाण्या, फ्रिजखालचे ट्रे, गच्चीवरचे टायर. तिथे एडिस. तो डेंग्यूवाला.

ॲनोफिलीस सापडला तो बांधकामावर. स्लॅबला पाणी मुरवायला सिमेंटची छोटी आळी करून पाणी भरून ठेवतात, तिथे. शिवाय मजुरांच्या शेडजवळच्या सिमेंटच्या हौदात आणि शेजारच्या दोन घरांच्या, झाकण उडालेल्या, गच्चीवरच्या टाक्यांत. स्वच्छ, नितळ, प्यायच्या लायकीचं पाणी. मी ओगराळं अलगद बुडवून वर काढलं आणि मुलांना म्हटलं, हलवू नका, फक्त बघा. पांढऱ्या तळावर एक बारीक, राखाडी काडी पाण्याला समांतर, अगदी आडवी तरंगत होती. तिला नळी नव्हती. पाठ पृष्ठभागाला चिकटलेली, आणि तिने आपलं डोकं अख्खं उलटं फिरवलं, तोंड वर केलं आणि पाण्यावरचा थर चरायला लागली. मोबाईलवाला तो पोरगा ओगराळ्यावर इतका वाकला की त्याच्या श्वासाने पाणी हललं आणि अळी गिरकी घेऊन खाली गेली.

"आडवी म्हणजे हिवतापाची, उभी म्हणजे दुसरी," त्याने वहीत लिहिलं. त्या दिवसापासून वहीत तेच दोन रकाने.

त्या अळ्या बरणीत वाढवल्या. आठवड्याने डास बाहेर पडले. पायांवर पांढरे ठिपके, सोंडेच्या दोन्ही बाजूंच्या मिशांवरही ठिपके आणि फिकट पट्टे. हा ॲनोफिलीस स्टीफेन्सी, शहरातल्या टाक्यांत आणि बांधकामांवर वाढणारा. आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांतल्या वाहत्या झऱ्यांत फ्लुव्हियाटिलिस असतो, शेतांत आणि नदीपात्रातल्या डबक्यांत क्युलिसिफेसीस; या दोन्ही ॲनोफिलीसच्याच दुसऱ्या जाती. या वसाहतीपुरतं नाव ठरलं: स्टीफेन्सी.

नराची नसबंदी म्हणजे नेमकं काय

बरणीतले नर मी संध्याकाळी मुलांना भिंगाखाली दाखवले. दिवसा त्यांच्या मिशांवरचे केस मिटलेले असतात, आणि दिवेलागणीला तेच केस ताठ उभे राहतात, बाटली धुवायच्या ब्रशासारखे. त्या केसांनी नर मादीच्या पंखांचा सूर ऐकतो. नरांचा थवा संध्याकाळच्या संधिप्रकाशात एका जागी हवेत नाचत राहतो, माद्या त्यात शिरतात आणि जोड्या जुळतात. नराची सोंड कातडीत शिरण्यासारखी नसते. तो फुलांतला, झाडापाल्यातला गोड रस पिऊन जगतो. चावते ती फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की मादी बहुधा आयुष्यात एकदाच जुळते. तेव्हा मिळालेलं बीज ती साठवून ठेवते आणि पुढच्या सगळ्या अंड्यांना तेच वापरते. तो एक नर वंध्य असेल तर तिचं पुढचं सगळं घालणं वांझोटं.

वंध्य करायचं कसं? नर कोषात असतानाच त्यांना गॅमा किंवा क्ष किरण देतात. बीजातली गुणसूत्रं तुटतात, बीज जिवंत राहतं पण त्याच्यापासून झालेलं अंडं उबत नाही. मात्रा कमी पडली तर काही अंडी फुटतात. जास्त झाली तर नर इतका दुबळा होतो की थव्यात त्याला कुणी विचारत नाही. या दोन टोकांच्या मधली मात्रा शोधणं हीच खरी कसोटी.

बैठकीत एका काकूंनी विचारलं होतं, "किरणं मारलेला डास चावला तर पोरांना काय हुईल?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण तो सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारत कुणी नाही. किरण दिलेला डास किरणोत्सारी होत नाही, एक्सरे काढलेला माणूस होत नाही तसाच. आणि नर चावतच नाही. पण सोडलेल्या नरांत चुकून माद्या राहिल्या तर? त्या वंध्य असल्या तरी रक्त पितात आणि हिवतापही पसरवू शकतात. एडिसच्या माद्यांचे कोष नरांपेक्षा मोठे असतात, चाळणीने बऱ्यापैकी वेगळे करता येतात. ॲनोफिलीसच्या कोषांत आकाराचा तेवढा फरक नसतो. म्हणून त्यांच्यासाठी फार खटपटीने खास वाण तयार करावे लागतात, ज्यांत माद्या आधीच मरून जातील. काकूंची शंका नेमकी या तंत्राच्या दुखऱ्या जागी बोट ठेवणारी होती.

फळ्यावरचं गणित

तालमीत एक जुना फळा आहे. त्यावर आम्ही हिशेब मांडला. अमेरिकेतल्या एडवर्ड निपलिंग या कीटकशास्त्रज्ञाने ज्या पद्धतीने मांडला त्याच पद्धतीने, फक्त आकडे लहान घेऊन.

समजा वसाहतीत १,००० माद्या आणि तेवढेच नर आहेत. प्रत्येक पिढीला आपण २,००० वंध्य नर सोडतो. आता तीनातला एकच नर खरा, म्हणजे ३३३ माद्यांनाच खरी पिल्लं होणार. पुढच्या पिढीत माद्या ३३३, वंध्य नर पुन्हा २,०००. आता खरी जोडी फक्त ४८ जणींची. त्याच्या पुढे एक. चौथ्या पिढीला काही उरत नाही. हे पाहून पोरांनी टाळ्या वाजवल्या. फवारणीत डास जितके कमी तितका पुढचा डास मारणं महाग होत जातं. इथे उलट, डास जितके कमी तितका हाच नर अधिक प्रभावी होतो. या तंत्राचं सौंदर्य हेच आहे.

पण या हिशेबात मी एक गोष्ट मुद्दाम धरली होती: एका मादीमागे पुढच्या पिढीत एकच मादी उरते. पावसाळ्यात, टाक्या भरलेल्या असताना, तसं होत नाही. एकीमागे पाच धरून पाहू. ३३३ गुणिले ५ म्हणजे १,६६५. आपण २,००० नर सोडले आणि माद्या वाढल्या! फळ्यासमोर शांतता पसरली. मग ९,००० नरांपासून सुरुवात केली. दहातली एक खरी जोडी, १०० माद्या, पाचपट म्हणजे ५००. पुढे सुमारे १३०. पुढे ९. आता जमलं. म्हणजे आधी मोजणी हवी. हजार समजून नर सोडले आणि माद्या निघाल्या पाच हजार, तर सगळी मेहनत वाया. शिवाय किरणांनी नराचा दम निम्म्यावर आला असेल तर ९,००० च्या जागी १८,००० लागतील.

तिसरा हिशेब त्याच पोराने स्वतः मांडला. "मॅडम, पलीकडच्या कॉलनीतनं दर पिढीला पन्नास माद्या आल्या, आधीच जुळलेल्या, तर?" तर त्यांना आपला नर काहीच करू शकत नाही. त्या येतात त्या अंडी घेऊनच. पन्नासांच्या अडीचशे होतात आणि शून्य कधीच येत नाही.

जिथे जमलं, जिथे अडलं

निपलिंग आणि त्यांचे सहकारी रेमंड बुशलँड यांनी हे प्रथम सिद्ध केलं ते डासांवर नाही. जनावरांच्या जखमांत अंडी घालणारी, जिच्या अळ्या जिवंत मांस खातात अशी स्क्रूवर्म नावाची माशी अमेरिकेच्या गुरांवर कहर करत होती. १९५४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर विमानातून वंध्य माश्या सोडल्या आणि काही महिन्यांत बेटावरून ती माशी नाहीशी झाली. चहूबाजूंनी समुद्र होता, बाहेरून माशी यायला वाट नव्हती. पुढे काही दशकं नेटाने काम करून ही माशी अमेरिका, मेक्सिको, मध्य अमेरिका असं करत पनामापर्यंत मागे रेटली, आणि तिथे सतत वंध्य माश्या सोडून जणू भिंत उभी केली. अलीकडे ती भिंत फुटली. २०२४ च्या नोव्हेंबरात माशी पुन्हा मेक्सिकोत सापडली. म्हणजे बेट असेल तर काम संपतं. बेट नसेल तर भिंत राखत बसावं लागतं, वर्षानुवर्षं.

हिवतापाच्या डासावरचं सगळ्यात बोलकं उदाहरण एल साल्वादोरचं आहे, आणि मला ते फार शिकवणारं वाटतं, कारण एकाच देशात तेच तंत्र एकदा जिंकलं आणि एकदा हरलं. १९७२ मध्ये आपास्तेपेके नावाच्या तळ्याच्या परिसरात ॲनोफिलीस अल्बिमॅनसचे रसायनाने वंध्य केलेले ४३ लाखांहून अधिक नर सोडले. काही महिन्यांत डास जवळजवळ दिसेनासे झाले. तळं एका बाजूला पडलेलं, डासांची वस्ती त्याच्याभोवतीच. त्या यशाने हुरूप आला आणि १९७७ नंतर पॅसिफिकच्या किनारपट्टीवर मोठा प्रयोग झाला. माद्या आधीच मरतील असा खास वाण तयार केला, रोज सुमारे दहा लाख नर सोडले. तंत्र पहिल्यापेक्षा सुधारलेलं होतं. तरीही आजूबाजूच्या भागातून जुळलेल्या माद्या उडून येत राहिल्या आणि अपेक्षित घट झाली नाही. आमच्या पोराचा तिसरा हिशेब तिथे प्रत्यक्ष घडला होता.

आपल्या देशातला अनुभव वेगळ्या कारणाने आठवायला हवा. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्यात करार होऊन दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचं केंद्र सुरू झालं. पैसा अमेरिकेचा. दिल्लीजवळच्या गावांत क्युलेक्सचे वंध्य नर सोडले गेले, सोनीपतमध्ये एडिसचे सोडायची तयारी झाली. देशात हिवताप उसळत असताना पिवळा तापही पसरवू शकणाऱ्या एडिसवर, जो ताप भारतात नाहीच, इतका अभ्यास कशासाठी, असा प्रश्न वृत्तपत्रांतून आला. जैविक युद्धाची शंका निघाली. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये कडक ताशेरे ओढले आणि त्याच वर्षी केंद्र बंद झालं. युद्धाचा आरोप सिद्ध झाला नाही. पण ज्यांच्या विहिरींजवळ, ज्यांच्या अंगणात डास सोडायचे त्यांना आधी सगळं सांगायला हवं होतं, हे म्हणणं चुकीचं नव्हतं. चांगलं विज्ञान लोकांच्या अविश्वासापायी थांबलं आणि त्यात नुकसान लोकांचंच झालं. काकूंच्या प्रश्नाला मी फळ्यापुढे अर्धा तास दिला तो यासाठी.

जनुक बदललेला नर ही या तंत्राची पुढची पायरी, आणि दोन्हींची गल्लत होऊ नये. किरणांनी वंध्य केलेल्या नरात नवं जनुक घातलेलं नसतं. २०१७ मध्ये जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत जाळीच्या पिंजऱ्यांत चाचण्या सुरू झाल्या त्या जनुक बदललेल्या एडिसच्या. आणि आपला हा स्टीफेन्सी? तो बोटींतून म्हणा, कशातून म्हणा, आफ्रिकेत गेला. जिबूतीत २०१२ साली तो प्रथम सापडला. त्या वर्षी त्या देशात हिवतापाचे २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर गेले. तिथे २०२४ च्या मे महिन्यात जनुक बदललेले स्टीफेन्सीचे नर मोकळ्या हवेत सोडायला सुरुवात झाली. आमच्या टाकीतला डास जगाच्या दुसऱ्या टोकाला एवढा उत्पात करतो, हे ऐकून तालमीतली मंडळी खरोखर हादरली.

आपल्या वसाहतीला लावून पाहिलं

एवढं सगळं समजल्यावर निर्णय मंडळाने घ्यायचा होता, मी नव्हे. पण माझं मत मी स्पष्ट सांगितलं.

वंध्य नर कुठल्या दुकानात मिळत नाहीत. त्यांची पैदास, किरण, निवड, परवानगी हे सरकारी पातळीचं काम आहे, मंडळाच्या वर्गणीचं नाही. पण समजा उद्या कुणी फुकट आणून दिले, तरी इथे ते सोडावेत का? माझं उत्तर 'नाही' होतं. आमची वसाहत बेट नाही. एका बाजूला तशाच टाक्यांच्या कॉलन्या, पुढे उसाची शेतं, पंचगंगेच्या खोऱ्यात ठिकठिकाणी बंधारे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की खालच्या पात्रात डबकी उरतात, तिथे दुसऱ्या जातीचे ॲनोफिलीस. या सगळ्यात आमची एक गल्ली म्हणजे किनारपट्टीतला एक तुकडा, तळं नव्हे.

दुसरं, लोकांना खरा त्रास होतो तो चावण्याचा, आणि चावणारे बहुतेक डास ओढ्यातले क्युलेक्स. स्टीफेन्सीचे नर सोडून ते एकानेही कमी होणार नाहीत. लोकांना वाटलं असतं, फसवलं. एकदा तसं वाटलं की पुढे खरंच गरज पडेल तेव्हा दार कुणी उघडणार नाही.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: नर सोडायची वेळ येण्याआधी डास किती, कुठे जन्मतात, हे शोधून त्यांची संख्या खाली आणावीच लागते. तंत्र चालतं ते आधीच कमी झालेल्या संख्येवर. आणि आमच्याकडे जन्माच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या होत्या. त्या बंद केल्या की नराला फारसं काम उरत नव्हतं.

शहरांसाठी, स्टीफेन्सीसाठी, महापालिकांच्या पातळीवर हे तंत्र यावं असं मला मनापासून वाटतं. माझ्या हयातीत ते यावं. पण ते मोजणी करणाऱ्या शहरात यावं.

धुराच्या मशीनवरही बोलले. धूर उडत्या डासाला लागतो, टाकीतल्या अळीला लागत नाही. स्टीफेन्सी घरात, गोठ्यात, कोपऱ्यात बसतो, आणि आपण धूर आला की दारं लावून घेतो.

पैसे कशावर गेले

मंडळाने मशीन घेतलं नाही. पैशांतून टाक्यांना जाळीची झाकणं आली आणि उरलेल्यातून मजुरांच्या शेडसाठी मच्छरदाण्या. यावर वाद झाला. आपली वर्गणी बाहेरच्यांना कशाला, असं दोघंतिघं म्हणाले. ज्या मुलीला हिवताप झाला होता तिची आई उठली. "माझ्या पोरीला चावलेला डास आधी त्या पोराला चावला. त्याला मच्छरदाणी असती तर माझी पोरगी आजारी पडली नसती." ती एवढंच बोलली आणि खाली बसली. पुढे कुणी विरोध केला नाही.

त्या माउलीबद्दल आणखी एक सांगायला हवं. व्हायवॅक्सचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो, म्हणून क्लोरोक्विनच्या तीन दिवसांनंतरही प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावी लागते. ताप उतरल्यावर मुलगी गोळी नको म्हणायला लागली. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदा चौकोनांना पेन्सिलने गोल केले आणि रोज रात्री जेवणानंतर गोळी गिळताना बघूनच ती एकेक गोल भरायची. मी ते कॅलेंडर पाहिलंय. एकही गोल रिकामा नव्हता. झारखंडच्या त्या तरुणाचं काय? पाचव्या दिवशी तो दुसऱ्या साइटवर गेला आणि त्याच्या गोळ्या पूर्ण झाल्या की नाही, हे कळायला मार्ग उरला नाही. या प्रकरणातली ही जागा मला अजून टोचते.

ठेकेदाराशी बोलणं सोपं नव्हतं. सुरुवातीला त्याला हा त्रास वाटला. आरोग्य सेवकांनी येऊन हौदातल्या अळ्या त्याला ओगराळ्यात दाखवल्या, तेव्हा तो जरा नरमला. आठवड्यातून एकदा, शनिवारी, आळ्यांतलं पाणी काढून स्लॅब दिवसभर कोरडा ठेवायचा, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसायचं, हौदात गप्पी मासे सोडायचे, आणि नवा मजूर तापाने फणफणला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, हजेरी न कापता. शेवटची अट त्याने सगळ्यात उशिरा मानली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची होती.

ऑक्टोबर संपेपर्यंत वहीतला 'आडवी' हा रकाना तीन आठवडे कोरा राहिला. मग लिफ्टच्या खड्ड्यात पुन्हा सापडल्या, कारण पंप बिघडला होता. पंप दुरुस्त झाला, रकाना पुन्हा कोरा झाला. तिसरा रुग्ण निघाला नाही. हे केवळ आमच्यामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. थंडी पडायला लागली की डास आपोआपही कमी होतात. 'उभी' रकाना मात्र भरत राहिला. ओढ्याचं काम मोठं आहे आणि ते झाकणांनी होणारं नाही. काकू अजून रात्री डासांना शिव्या देतात, आणि त्या बरोबर आहेत.

जूनमध्ये पहिला पाऊस होऊन गेल्यावर एका सकाळी मोबाईलवर फोटो आला. हललेला, धूसर, पांढऱ्या ओगराळ्याच्या तळावर एक बारीक रेघ. खाली त्याच पोराचा निरोप: "मॅडम, आडवी हाय. टाकी नंबर तीन. कुणीतरी झाकण काढून कपडे धुवायला घेतलंय. आत्ता जातोय."